लोक काय विचारतात ते ऐका



स्नातकांनो, तुमच्यातले बरेच जण हायस्कुलात विज्ञान शिकवणार, आणि पहिली नेमणूक बहुधा शहापूर-मुरबाडच्या एखाद्या आडगावी मिळणार. तोंड वाकडं करू नका.

मुरबाडमधल्या फांगणे गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा काढली. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या आज्या गुलाबी साड्या नेसून बाराखडी गिरवू लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून. सासू बाकावर, सून फळ्यापाशी! बातम्यांत गुलाबी रंगच जास्त गाजला. मला मोल वाटतं ते त्याआधीच्या एका वाक्याचं. गावच्या कार्यक्रमात या बायका म्हणाल्या होत्या, आम्हालाही पोथी वाचता आली असती तर. असं आपण सगळेच ऐकतो आणि चहा पिऊन घरी येतो. बांगर गुरुजींनी ते मनावर घेतलं.

विज्ञान शिक्षकाला तर अशी वाक्यं पावलोपावली ऐकू येतील. तानसा तलाव १८९२ चा, भातसा धरण त्यानंतरचं. दोन्ही शहापुरात, पाणी मुंबईला, आणि वैशाखात इथल्या पाड्यांवर टँकर. ‘सर, धरण आपल्याकडे, मग पाणी का नाही?’ असं पोरगं विचारणारच. अर्धं उत्तर कातळात आहे. पाऊस धो धो पडतो आणि वाहून जातो. उरलेलं अर्धं विज्ञानाच्या पुस्तकात नाही. तेही टाळू नका.

असंच आणखी एक वाक्य मण्यार या सापामुळे ऐकू येतं. पावसाळ्यात ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते. फारसं दुखत नाही, सुजत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात, घोट गिळवत नाही. घरचे म्हणतात, बाधलं असेल, नाहीतर बाहेरचं काहीतरी. तोवर विष नसांवर चढत असतं आणि शेवटी श्वास थांबतो. चेतासंस्थेचा धडा इथूनच सुरू करा ना! नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, ते दवाखान्यात मिळतं, चीर देऊन किंवा आवळून बांधून काही साधत नाही, गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी मण्यारीलाही अडवते, हे पोरांच्या तोंडून घरोघर जाऊ द्या.

साप चावला की लोक ज्याच्याकडे धावतात, त्या भगताची मात्र टिंगल करू नका. मध्यरात्री हाक मारली तरी उठून येणारा तो गावचा माणूस आहे. त्याला चहाला बोलवा आणि सांगा, मंत्र म्हणायचा तर खुशाल म्हण, पण गाडीत बसून. आधी १०८ लाव.