हातांनी शिकण्याची विद्या



संगणकाला आज्ञा देण्याची विद्या नुसत्या श्रवणाने येत नाही. पोहायला शिकणाऱ्याला पाण्यात उतरावे लागते. आज्ञावली लिहायला शिकणाऱ्याला चुका कराव्या लागतात. ही शिकवण चेन्नई शहराने दोन निरनिराळ्या काळांत पाहिली आहे.

१९५९ साली पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने स्थापन झालेल्या मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७३ साली ‘आयबीएम ३७०/१५५’ हा संगणक आला. शहराचे नाव तेव्हा मद्रासच होते. त्या पिढीतील संगणकांसाठी फोरट्रान भाषेतील आज्ञा ८० स्तंभांच्या कार्डांवर छिद्रे पाडून लिहीत. कार्डांचा गठ्ठा यंत्रचालकाच्या हाती द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची, असा क्रम असे. विधान सातव्या ते बहात्तराव्या स्तंभातच लिहावे लागे. सहावा स्तंभ मागील कार्डावरील विधान पुढे चालू असल्याच्या खुणेसाठी राखलेला होता. विधानाचे पहिले अक्षर चुकून त्यात पडले, तर अर्थ बिघडे आणि दीर्घ प्रतीक्षेनंतर हाती केवळ चुकीची सूचना येई. या विलंबाने एक शिस्त मात्र लावली: गठ्ठा देण्यापूर्वी प्रत्येक ओळ मनात चालवून पाहण्याची.

ऑक्टोबर २०१९ मध्ये याच शहरात पायथन या संगणकभाषेची ‘पायकॉन इंडिया’ ही परिषद भरली. तिचा आरंभ २००९ साली बंगळुरात झाला होता. अशा परिषदांत व्याख्यानांच्या जोडीला कार्यशाळा असतात. तेथे शिकणारा स्वतःचा संगणक उघडून बसतो आणि शिक्षकाबरोबर ओळीमागून ओळ लिहितो. पायथनमध्येही ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेला अर्थ असतो. ती चुकली, तर यंत्र तत्काळ सांगते.

परंतु क्षणात दिसलेली चूक क्षणात उमजतेच असे नाही. यंत्राची सूचना इंग्रजीत असते आणि पुष्कळदा ती नवख्याला अधिकच गोंधळात टाकते. अशा वेळी चांगला मार्गदर्शक चूक स्वतः दुरुस्त करीत नाही. ‘या ओळीने काय व्हावे असे तुम्हाला वाटले होते?’ एवढेच तो विचारतो. उत्तर शोधता शोधता शिकणाऱ्याला आपली चूक सापडते.

अडचण येथेच आहे. एक व्याख्यान शेकडो जण ऐकू शकतात. मार्गदर्शकाची नजर मात्र थोड्यांपर्यंतच पोहोचते. ज्याचे इंग्रजी कच्चे, तो निमूटपणे मागे राहतो. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात यावर एक उपाय योजला. सुमारे दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ मराठी, तमिळ आदी भाषांत तयार झाले. विद्यार्थी पाठ थांबवतो, तीच कृती स्वतः करतो आणि मगच पुढे जातो.

परिषद संपते, मंडप उतरतो. त्यानंतर घरी एकटाच बसलेला विद्यार्थी आपली चुकलेली ओळ स्वतः दुरुस्त करू शकला, तर तेथील शिक्षण सार्थकी लागले असे समजावे.