मृत्युपत्र, वारसा आणि ज्येष्ठांचे हक्क

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी कापड दुकानातील प्रत्येक तागा मोजला जातो. तुकडा किती मीटरचा उरला, उधारी कोणाकडे किती अडकली, याची काटेकोर नोंद होते. हिशोबाची ही शिस्त ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्याच समाजात आयुष्यभराच्या मिळकतीचे पुढे काय व्हावे, हे मात्र बहुधा कागदावर उतरत नाही. मृत्युपत्राचा विषय अभद्र मानला जातो. मुलगा तो काढीत नाही, आणि वडिलांनी काढलाच तर "आताच कशाला?" म्हणून मिटविला जातो.

घरोघरी भिंतीवर असणारे 'कालनिर्णय' १९७३ साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर २० ऑगस्ट २०१३ रोजी निवर्तले. त्यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. तथापि त्यात नमूद केलेल्या मिळकतींखेरीज मुदत ठेवी व म्युच्युअल फंड यांत कोट्यवधींची गुंतवणूक होती आणि तिच्यावर कुटुंबातील काहींची नावे नॉमिनी म्हणून लागलेली होती. नॉमिनी हा मालक की केवळ सांभाळणारा, असा प्रश्न उभा राहिला. त्यापूर्वी २०१० मध्ये कोकाटे प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने शेअर्सचा नॉमिनी हाच मालक ठरतो असे म्हटले होते. साळगावकर प्रकरणात खंडपीठाने डिसेंबर २०१६ मध्ये ते मत अमान्य केले आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. नॉमिनीस रक्कम स्वीकारण्याचा अधिकार आहे. मालकी मात्र मृत्युपत्राप्रमाणे, ते नसल्यास वारसा कायद्याप्रमाणे ठरते. पंचांगकर्त्याच्या घरी या उत्तरास दहा वर्षे लागली.

यातून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. मृत्युपत्रात मिळकतींची यादी दिल्यावर शेवटी "याखेरीज जी काही स्थावर-जंगम मिळकत निघेल ती अमुक व्यक्तीस मिळावी" हे वाक्य अवश्य असावे. दुसरे, नॉमिनी आणि मृत्युपत्रातील लाभार्थी शक्यतो एकच असावेत. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्यास चार नॉमिनी देता येतात, तेव्हा ही जुळवणी आता सोपी झाली आहे.

एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट. २०१४ मध्ये केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला, म्हणून वारसाहक्कही वेगळा झाला असे काहींना वाटते. तसे नाही. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांस पूर्वीप्रमाणेच लागू आहे. पुरुष मृत्युपत्राविना वारला तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, या सर्वांस स्वकष्टार्जित मिळकतीत समान वाटा मिळतो. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी ही मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद आहे. त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तेराव्यानंतर घाईघाईने बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची रीत सर्रास दिसते. ती शोभनीय नाही, आणि वाद न्यायालयात गेल्यास टिकेलच असेही नाही.

स्त्रियांच्या बाबतीत तर मृत्युपत्र अधिकच निकडीचे. निपुत्रिक विधवेने स्वतः मिळविलेली मिळकत मृत्युपत्राअभावी तिच्या आईवडिलांआधी पतीच्या वारसांकडे जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच स्त्रियांना मृत्युपत्र करण्याचे आवाहन केले. स्त्रीधनाचे दागिने कोणत्या सुनेस, कोणत्या लेकीस, हे तोंडी सांगून भागत नाही.

कृती अवघड नाही. साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. सही करणाऱ्याची सही दोन साक्षीदारांसमोर व्हावी आणि त्या दोघांनीही त्याच्यासमक्ष सही करावी. साक्षीदार लाभार्थी नसावेत, शक्य तर वयाने लहान असावेत. वय जास्त असल्यास त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. संस्थेस दान द्यायचे असल्यास धर्मादाय कार्यालयातील नोंदणी क्रमांकासह पूर्ण नाव लिहावे. नुसते "मंदिरास" लिहिल्याने कोणते मंदिर, हा प्रश्न उरतो.

दुकान भागीदारीत असेल तर मृत्युपत्राइतकाच भागीदारीचा करारनामा पाहावा. १९३२ च्या कायद्यानुसार करारात वेगळे ठरलेले नसल्यास भागीदाराच्या निधनाने पेढी विसर्जित होते. ऐन लग्नसराईत हे घडले तर बँकेचे खाते आणि व्यापाऱ्यांची देणी दोन्ही अडकतात.

आता हयातीतच सर्व देऊन टाकण्याविषयी. रेमंडचे विजयपत सिंघानिया यांनी २०१५ मध्ये आपले सुमारे ३७ टक्के शेअर्स पुत्रास दिले. २०१७ मध्ये घराच्या ताब्यावरून त्यांना मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले. कापडाच्या व्यापारात ही हकीकत कोणास ठाऊक नाही? महाराष्ट्रात पती-पत्नी, मुले व नातवंडांना निवासी घर वा शेती बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे, नोंदणी शुल्क व अधिभार निराळा. दुकानाच्या गाळ्यास ही सवलत नाही. स्वस्त पडते म्हणून अनेक ज्येष्ठ सही करून मोकळे होतात. सही करण्यापूर्वी "देणाऱ्याचा हयातभर सांभाळ करावा" ही अट बक्षीसपत्रात शब्दांत घालावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास व्यवहार रद्द होऊ शकतो. अट सिद्ध व्हावी लागते असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटले, तर जानेवारी २०२५ मध्ये याच कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावून मिळकतीचा ताबाही परत देता येतो असा निर्णय दिला.

निर्वाहाचा अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करता येतो. दरमहा कमाल १०,००० रुपये. लातूर जिल्हा परिषदेने तर २०२० मध्ये आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापण्याचा ठराव केला होता. मराठवाड्यातच हे करावे लागले.

मुकुंदवाडी परिसरातील कुटुंबांनी आणखी एक पाहावे. येथे गुंठेवारीतील प्लॉट बाँडपेपरवर घेतलेले आहेत, शेजारी सिडकोची भाडेपट्ट्याची घरे आहेत. ज्या घराचे मूळ कागदच अपुरे, त्याचे मृत्युपत्र केले तरी वारसांचे हेलपाटे चुकत नाहीत. गुंठेवारी नियमित करणे, भाडेपट्टा व कराच्या पावत्या एका नावावर आणणे, हे आधी उरकावे.

आणि मूळ मृत्युपत्र एकट्याच्या नावे असलेल्या बँक लॉकरमध्ये ठेवू नये. लॉकर उघडण्यासाठी वारसांना कागद लागतो, आणि तो कागद लॉकरमध्येच असतो.