आधी पाणी, मग डांबर
(आरोंदा येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



तेरेखोल नदीवर किरणपाणीचा पूल झाला आणि आरोंद्याचा गोव्याशी असलेला व्यवहार होडीवर अवलंबून राहिला नाही. दोन राज्ये जोडली गेली. परंतु हमरस्त्यापासून वाडीपर्यंतचा शेवटचा किलोमीटर कोकणात ठिकठिकाणी अजून मातीचाच आहे. पावसाळ्यात त्याचा चिखल होतो आणि आजाऱ्याला उचलून हमरस्त्यावर आणावे लागते.

असे का घडते? २००० साली सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशासाठी ५०० लोकवस्तीची अट घातली. देशावरचे गाव एके ठिकाणी वसलेले, तर कोकणातले गाव वाड्यांत विखुरलेले. वीस घरांची वाडी या अटीत बसणार कशी? तेव्हा ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या पैशांतूनच हे काम करावयाचे, तर तो पैसा प्रथम कशावर खर्च करावा, हा खरा प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की, तो प्रथम पाण्यावर खर्च करावा. तीन मीटर रुंदीचा एक किलोमीटर रस्ता घ्या. वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस धरला, तर केवळ त्या रस्त्यावर ९० लाख लिटर पाणी पडते. डोंगरउतारावरून येणारे पाणी निराळेच. या पाण्याला वाट दिली नाही, तर ते रस्त्यालाच आपली वाट करते. म्हणून मधला भाग उंच आणि दोन्ही कडा उतरत्या ठेवाव्यात. दीड मीटरच्या अर्ध्या रुंदीत सहा ते साडेसात सेंटिमीटर उतार पुरतो. डोंगराच्या अंगाला गटार खणावे, ठरावीक अंतरावर ते पाणी शेजारच्या व्हाळात सोडावे, आणि जेथे पाणी रस्ता ओलांडते तेथे मोरी बांधावी.

यानंतर पृष्ठभाग. जांभा दगड आणि मुरूम आपल्याकडे जवळच मिळतात. ते थराथराने पसरून, माती मुठीत दाबल्यावर गोळा बनेल इतकी ओल असताना रोलरने दाबावेत. कोरडी माती दाबली जात नाही; तिची केवळ धूळ होते. चढावर पूर्ण रुंदीचे काँक्रीट परवडत नसेल, तर चाकांखाली येणारे दोनच पट्टे करावेत. डांबर सर्वांत शेवटी. गटाराविना घातलेल्या डांबराखाली पाणी शिरते, कडा तुटतात आणि सारा खर्च वाहून जातो.

दुसरी अडचण जागेची. सातबारावर दहा-पंधरा नावे, त्यांतील निम्मी मंडळी मुंबईत. वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दाद मागता येते. बांधावरून शेताकडे जाणाऱ्या वाटेसाठी जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. परंतु रुंदीकरणासाठी संमतीच हवी आणि ती लेखी हवी. हे काम कंत्राटदार करीत नाही; ते कार्यकर्त्याचे आहे.

आता अर्थकारणाकडे वळू. १९७२-७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो हातांनी खडी फोडली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप दिले. मजुराला काम मिळाले, हे तिचे मोठे यश होय. मात्र मातीकाम झाले आणि मोऱ्या राहिल्या, असे अनेक रस्ते पुढील पावसाळ्यांत नाहीसे झाले. श्रम वाया गेले ते श्रमिकांच्या दोषाने नव्हे. श्रमाला साहित्याची आणि देखभालीची जोड मिळाली नाही म्हणून.

देखभालीला राजकारणात प्रतिष्ठा नाही. गटार उपसण्याच्या कामाचे उद्घाटन होत नाही, त्याची कोनशिला बसत नाही. डांबराचे काम दिसते, त्याचे बिलही मोठे होते. त्यामुळे आग्रह डांबराचाच धरला जातो. पण मृगापूर्वी आणि मोठ्या पावसानंतर वाडीतल्याच चार माणसांनी मजुरी घेऊन गटारे साफ केली, तर मुरमाचा रस्ताही पुष्कळ टिकतो आणि ती मजुरी गावातच राहते.

म्हणून ऐन पावसात आपल्या वाडीची वाट एकदा चालून पाहा. पाणी कोठे तुंबते, कोठे ओलांडते, याचा कच्चा नकाशा करा. तो ग्रामसभेत मांडा आणि दोन ठराव मागा : पहिला मोऱ्या-गटारांचा, दुसरा दरवर्षीच्या देखभालीच्या तरतुदीचा. डांबराचा ठराव त्यानंतर.