गोटमार आणि आगरकर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव. आणि सुरू होते गोटमार, म्हणजे दोन्ही गावांची एकमेकांवर दगडफेक. डोकी फुटतात, जीवही गेलेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले. हात पुन्हा गोट्यांकडेच वळले.

गोटा लागला की कवटीचं काय होतं, हे विज्ञान चोख सांगतं. पण चालत आलं म्हणून चालवावं का, हे दवाखान्यातल्या एक्स-रेवर दिसत नाही. तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न. युरोपातल्या प्रबोधनाने विज्ञान आणि तत्त्वज्ञान हे दोन्ही विचार एकत्र आणले. मराठीत ते काम हिरिरीने केलं गोपाळ गणेश आगरकरांनी. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज विचारवंत पचवलेल्या या माणसाने १८८८ साली ‘सुधारक’ हे पत्र काढलं आणि रूढीला दोन सवाल केले: पुरावा काय, आणि न्याय कुठे? त्यांचं काही शिक्षण अकोल्याला झालं, आपल्या शेजारच्या वऱ्हाडातच.

आगरकरांचे तेच दोन सवाल गोटमारीला लावले, तर मला वाटतं, झेंडा, चंडीमातेची पूजा, दोन गावांची चुरस, सगळं राहू द्यावं. गोटा तेवढा खाली ठेवावा. पांढुर्णा-सौंसरच्या शाळांनी पोळ्याआधी हा वाद वर्गात मोकळेपणी घडवून आणावा.