घाट कोणी बांधला?

(एका सार्वजनिक ग्रंथालयात वाचकांपुढे केलेले भाषण)



मुंबईहून पुण्यास निघालेली गाडी कर्जतला जरा अधिक वेळ थांबते. फलाटावर बटाटेवड्यांची घाई उडालेली असते आणि तेवढ्यात गाडीच्या मागच्या टोकाकडून एक हलका धक्का जाणवतो. मागे इंजिने जोडली गेली, एवढाच त्याचा अर्थ. पुढचे इंजिन ओढणार आणि मागची ढकलणार, तेव्हा कुठे गाडी बोरघाट चढून लोणावळ्यास पोहोचते. या धक्क्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की त्यामागे काय दडले आहे, हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

मी भाषांतराचा व्यवसाय करतो. लोहमार्गांच्या इतिहासावरील इंग्रजी मजकूर मराठीत आणताना एक अडचण मला पदोपदी जाणवते. त्या लेखनात 'मार्ग बांधण्यात आला', 'बोगदे खोदण्यात आले' अशी वाक्ये ओळीने येतात. मराठीत ती सहज उतरतात. परंतु उतरताना त्यांतला कर्ता नाहीसाच होतो. कोणी बांधला? कोणी खोदले? वाक्य पुरे होते आणि प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

प्रथम कागदोपत्री सापडणारी हकीकत सांगतो. बोरीबंदर ते ठाणे हा आपल्या देशातील पहिला प्रवासी लोहमार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीने तो पुढे घाटाच्या पायथ्यापर्यंत नेला. १८५८ मध्ये माथ्यावरून, म्हणजे खंडाळ्याहून, पुण्यापर्यंत गाडी धावू लागली. मध्ये उरला तो सह्याद्री. उतारूंना खाली उतरून पालखीने, तट्टावरून किंवा गाडीने घाट ओलांडावा लागे आणि वर पुन्हा आगगाडी धरावी लागे. दोन्ही टोके तयार आणि मधला दुवा नाही, अशी ही अवस्था पाच वर्षे टिकली.

कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी घाटाची आखणी केली. सुमारे २५ किलोमीटरांत ५५८ मीटर चढ आणि २५ बोगदे, असे हे काम होते. चढ काही ठिकाणी ३७ फुटांस एक फूट इतका तीव्र होता. सरळ चढणे अशक्य असल्यामुळे खंडाळ्याखाली गाडीची दिशा उलटविण्याचे एक स्थानक ठेवावे लागले. तेथे गाडी कड्याच्या टोकाशी थांबे, इंजिन दुसऱ्या बाजूस लागे आणि उरलेला चढ उलट दिशेने चढला जाई. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. १८७१ साली हाच मार्ग रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गास मिळाला.

आता हरवलेल्या कर्त्याकडे वळू. १८६१ च्या सुमारास या घाटात सुमारे ४२,००० माणसे काम करीत होती. एखादे मोठे शहरच डोंगरउतारावर येऊन वसावे, तसा हा प्रकार होता. कड्यावरून दोराने खाली लोंबकळत सुरुंगांसाठी भोके पाडावी लागत. पावसाळ्यात काम बंद पडे, माणसे गावी परतत आणि पावसानंतर पुन्हा नव्याने जमवावी लागत. पटकीच्या साथींनी झोपड्यांच्या वस्त्या उठत.

पहिला कंत्राटदार फॅव्हियल. त्याच्या कारकीर्दीत, जानेवारी १८५९ मध्ये, थकलेल्या मजुरीवरून दंगा उसळला आणि त्यात एका युरोपियनाचा मृत्यू झाला. चौकशी झाली, तेव्हा मजुरांच्या तक्रारीत तथ्य असल्याचे दिसून आले. पोटकंत्राटदारांच्या साखळीत पैसा वरून खाली येईपर्यंत झिरपून जात होता. पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, रेल्वे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे तातडीने निकालात काढण्यासाठी कायदा झाला. त्याच कायद्यात काम अर्धवट सोडणाऱ्या मजुरास शिक्षेचीही तरतूद होती, हे विसरता येणार नाही.

फॅव्हियलने कंत्राट सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आल्यावर थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःकडे घेतले आणि अनुभवी व्यवस्थापकांच्या हातून काम तडीस नेले. बर्कले स्वतः १८६२ मध्ये निवर्तले. उद्घाटन पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. या साऱ्यांची नावे आपणांस सांगता येतात. त्या ४२,००० माणसांपैकी एकाचेही नाव मला सांगता येत नाही.

बांधकाम १८६३ मध्ये संपले, असेही म्हणता येत नाही. जुलै १८६७ मध्ये घाटातील आठ कमानींचा एक पूल कोसळला, आणि घाईने केलेल्या दगडी कामाची फेरतपासणी करणे भाग पडले. १९२९ मध्ये नवे बोगदे खोदून दिशा उलटविण्याचे स्थानक काढून टाकण्यात आले आणि याच सुमारास मार्गाचे विद्युतीकरण झाले. त्यासाठी ठाकुर्ली येथे रेल्वेने स्वतःचे वीजकेंद्र उभारले. १ जून १९३० रोजी 'दख्खनची राणी' धावू लागली. प्रारंभी तीत तिसऱ्या वर्गास स्थान नव्हते. घाट ज्यांच्या हातांनी झाला, त्यांच्या नातवंडांना त्या गाडीत बसण्यासाठी १९५५ पर्यंत थांबावे लागले.

आज घाटात तीन मार्ग आहेत. उतरणीवर मात्र एक जुनी शिस्त अद्याप पाळली जाते. ठरावीक जागी रुळांना एक फाटा फुटतो आणि तो वर डोंगराकडे चढत जातो. तेथील सांधा एरव्ही त्या फाट्याकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी तेथे पूर्ण थांबली, म्हणजे तिचे ब्रेक शाबूत आहेत अशी खात्री पटली, की मगच सांधा मुख्य मार्गाकडे वळतो. ब्रेक निकामी झालेली गाडी आपोआप चढावर जाऊन थबकेल, अशी ही योजना आहे. गाडी मध्येच का थांबली म्हणून आपण घड्याळाकडे पाहत कुरकुरतो. ते थांबणे हीच आपली सुरक्षितता असते.

पावसाळ्यापूर्वी काही माणसे डोंगरावर चढून सैल झालेल्या दरडी पहारीने खाली पाडतात. भर पावसात रात्री कंदील घेऊन रुळांवरून कोणीतरी चालत असतो. एवढे करूनही २०१९ च्या पावसाळ्यात मंकी हिल आणि नागनाथ यांच्या दरम्यान मार्गाची मोठी हानी झाली आणि कित्येक गाड्या रद्द कराव्या लागल्या. सह्याद्रीने या मार्गाला कायमची परवानगी कधीच दिलेली नाही. ती दरवर्षी नव्याने मिळवावी लागते.

म्हणून अलीकडे मी भाषांतरात एक लहानसा बदल करतो. जेथे मूळ मजकूर आधार देतो, तेथे 'बोगदे खोदण्यात आले' असे न लिहिता 'मजुरांनी बोगदे खोदले' असे लिहितो. नवा शब्द एकच येतो. एका शब्दाने थकलेली मजुरी चुकती होत नाही, हे मी जाणतो. परंतु ज्यांचे नाव कोणत्याही दगडावर कोरलेले नाही, त्यांना निदान वाक्यात तरी जागा मिळावी. पुढच्या वेळी कर्जतला तो धक्का जाणवला, तर आपणही त्यांची क्षणभर आठवण ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.