माणूस आधी

‘उदारमतवादी’ हा शब्द हल्ली शिवीसारखा वापरला जातो. आणि तो दोन्हीकडून फेकला जातो. एक बाजू म्हणते, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. दुसरी म्हणते, हे लोक आमच्या धर्मात नाक खुपसतात. भांडण एकमेकांशी असले तरी दोघांचे म्हणणे एकच : समाज आधी, माणूस नंतर.

मला दोन्हीकडचे विचारतात, “तुम्ही मराठीत कविता लिहिता, मग तुम्ही नक्की कोणाचे?” या प्रश्नाला उत्तर न देण्याची मुभा मला फार मोलाची वाटते.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. त्यात मुस्लिम महिला होत्या फक्त ७. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. मतांच्या हिशेबात ७ म्हणजे काहीच नाही. पण श्रोतेहो, तलाक समाजाला मिळत नाही, एका बाईला मिळतो. पोरांना घेऊन घराबाहेर पडते ती एकटी. तिचा समाज त्या वेळी कुठे असतो?

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्दबातल ठरवला. मधे ५१ वर्षे गेली. दोनच दिवसांनी ९ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. हे दोन निकाल मला सख्ख्या बहिणी वाटतात. पहिल्यावर पेढे वाटणाऱ्या कित्येकांना दुसरी मात्र आवडत नाही. मुस्लिम बाई स्वतंत्र व्हावी. आपली मुलगी नको!

१९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता लग्न करता येते. मात्र त्याची नोटीस कचेरीत दर्शनी जागी लावतात आणि ३० दिवस हरकतींची वाट पाहतात. कायद्याला खात्री हवी वयाची, आधीच्या लग्नाची. भिंतीवरची नावे वाचतात ते मुलीचे काका, मुलाचे मामा आणि कुठल्या तरी संघटनेचे कार्यकर्ते. निकाह लावणाऱ्यांना किंवा मांडवात बोहल्यावर चढणाऱ्यांना अशी नोटीस कुणी मागत नाही.

स्वातंत्र्याने माणसे एकटी पडतात, या टीकेत तथ्य आहे. शहरातल्या बंद दारांमागची म्हातारी माणसे मीही पाहतो. पण म्हणून दाराला बाहेरून कडी घालायची? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी, मसुद्याने गावाऐवजी व्यक्ती हा घटक धरला याबद्दल समाधान व्यक्त केले होते. गावाने काय केले, हे त्यांना कुणी शिकवायला नको होते.

कागदपत्रे कचेरीने खुशाल तपासावीत. ती नोटीस तेवढी भिंतीवरून काढावी.