सायकलस्वाराचे कान



दिवाळीच्या आगेमागे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील रस्त्यांचे रूप पालटते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, शेटफळगढे येथील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि उसाची वाहतूक सुरू होते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसाने शिगोशीग भरलेले ट्रक आणि टायरच्या बैलगाड्या यांची रांग पुढील काही महिने रात्रंदिवस चालू राहते. याच रस्त्यांवरून पहाटे दूध घालणारा शेतकरी, सकाळी शाळेस किंवा महाविद्यालयास निघालेली मुलेमुली आणि पाळी बदलताना औद्योगिक वसाहतीतील कामगार सायकलने ये-जा करतात. साखरेच्या या समृद्धीत सर्वांचाच वाटा आहे. रस्त्यावर मात्र सर्वांचे बळ सारखे नाही. उसाने लादलेली ट्रॉली काही टनांची असते. सायकल तिच्या स्वारासह शंभर किलोचीही नसते.

अशा रस्त्यावर आता एक नवी सवय रुजली आहे. कानांत इअरफोन किंवा बिनतारी इअरबड घालून, गाणी ऐकत सायकल चालविणारे तरुण गावोगावी दिसतात. लांबचा कंटाळवाणा रस्ता गाण्याच्या सोबतीने सुसह्य होतो, पायडल मारण्यास उत्साह येतो, हे कोणी नाकारणार नाही. गाण्याची आवड हा दोषही नव्हे. प्रश्न एवढाच आहे की, ज्या अवयवाच्या आधारावर सायकलस्वार आपला जीव सांभाळतो, तोच अवयव आपल्या हाताने बंद करणे कितपत शहाणपणाचे?

कान : पाठीमागचा डोळा

मोटारीला आरसे असतात. सायकलला सहसा आरसा नसतो. मागे वळून पाहावे तर तोल जातो आणि समोरचा खड्डा दिसत नाही. म्हणून मागून काय येत आहे, हे सायकलस्वार कानांनी पाहतो. ट्रकच्या इंजिनाची घरघर, टायरचा सळसळता आवाज, ट्रॉलीच्या साखळ्यांचा खणखणाट यांवरून वाहन किती मोठे आहे, जवळ येत आहे की वळून गेले, याचा अंदाज त्याला विचार न करताही येतो.

या अंदाजामागील यंत्रणा मोठी नाजूक आहे. उजवीकडून येणारा आवाज उजव्या कानावर आधी आणि डाव्या कानावर किंचित उशिरा पोहोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो. पण मेंदू तो टिपतो आणि आवाजाची दिशा ठरवितो. याचाच अर्थ असा की, दिशा कळण्यासाठी दोन्ही कान मोकळे असावे लागतात. ‘एकाच कानात घातले आहे, दुसरा मोकळा आहे,’ असे समर्थन पुष्कळदा ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे. एका कानाने वाहन आल्याचे कळेल. ते कोणत्या बाजूने आले, हे तितक्या खात्रीने कळणार नाही.

भारतात मागून बसणारी धडक हा अपघातांचा सर्वांत मोठा प्रकार आहे. केंद्रीय रस्ते परिवहन मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली; आणि एकूण अपघातांपैकी पाचव्या हिश्शाहून थोडे अधिक अपघात मागून धडक बसून झाले. ही आकडेवारी सर्व वाहनांची आहे. तथापि ज्याच्या पाठीशी पत्रा नाही आणि डोळ्यांसमोर आरसा नाही, त्या सायकलस्वाराने तिचा अर्थ अधिक गांभीर्याने घ्यावयास हवा.

चार सेकंदांचा हिशेब

थोडे गणित मांडून पाहू. सायकलचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि मागून येणाऱ्या ट्रकचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर दोघांमधील अंतर दर सेकंदास साडेबारा मीटरने कमी होते. ट्रकचा आवाज पन्नास मीटरांवरून ऐकू आला, तर सायकलस्वारास चार सेकंद मिळतात. चार सेकंदांत हँडल सरळ करता येते, डावीकडे सरकता येते, प्रसंगी साइडपट्टीवर उतरताही येते.

आता त्याच्या कानात गाणे वाजत आहे असे समजा. एका आवाजाने दुसरा झाकला जातो, हा नित्याचा अनुभव आहे. मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने अधिक असल्यावाचून जर तो ऐकू येणार नसेल, तर ऐकू येण्याचे अंतर निम्म्यावर येते. म्हणजे पन्नासाचे पंचवीस मीटर होतात आणि चार सेकंदांचे दोन. त्या दोन सेकंदांतील बराचसा काळ दचकण्यात आणि भान येण्यात जातो. दचकलेला स्वार अनेकदा चुकीच्या बाजूस हँडल वळवितो.

उसाच्या ट्रॅक्टरचा धोका याहून वेगळ्या प्रकारचा आहे. त्याचा वेग कमी असतो. पण लांबी फार. ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरने आणि सायकल ताशी १५ किलोमीटरने चालत असेल, तर पंधरा मीटर लांबीची ती माळ सायकलशेजारून पूर्ण सरकण्यास सुमारे अकरा सेकंद लागतात. पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणजे वाहन गेले, असे समजून सायकलस्वार पुन्हा रस्त्याच्या मध्याकडे येतो आणि मागोमाग दुसरी ट्रॉली अंगावर येते. बाजूस आलेली उसाची टोके वेगळीच. मोकळ्या कानास दुसऱ्या ट्रॉलीचा खडखडाट स्पष्ट ऐकू येतो. कानात ढोल वाजत असेल, तर तो इशारा वाया जातो.

यात विजेवर चालणाऱ्या दुचाकींची भर पडली आहे. धूर नाही, आवाज नाही, हा त्यांचा गुण. पण मोकळ्या कानासही ज्या वाहनाची चाहूल कष्टाने लागते, ते बुजलेल्या कानास कसे कळावे?

गाणे कानात, लक्ष कोठे?

नेदरलँड्स हा सायकलींचा देश. तेथील ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सायकल चालविताना गाणी ऐकणे आणि दूरध्वनीवर बोलणे यांचा परिणाम प्रत्यक्ष प्रयोगांनी तपासला. २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. कानाच्या पोकळीत घट्ट बसणाऱ्या इअरफोनमुळे बाहेरचे आवाज ऐकू येण्यात मोठी घट होते, तर एकाच कानात साधा इअरफोन असल्यास ही घट फारशी होत नाही, असे त्यांना आढळले. मात्र डच सायकलस्वारास बहुतेक ठिकाणी स्वतंत्र सायकलमार्ग असतो. भिगवणहून बारामतीस किंवा निमगाव केतकीहून इंदापुरास येणाऱ्या विद्यार्थ्याचा रस्ता ट्रक, एस. टी., बैलगाडी आणि मेंढरांचा कळप या सर्वांचा मिळून असतो. तेथील सवलत येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो. ज्यांना ऐकू येत नाही, तेही सायकल चालवितात; मोटारचालकही काचा बंद करून गाणी ऐकतो; मग इअरफोनवरच रोख का? आक्षेप विचारार्ह आहे. कर्णबधिर व्यक्ती आयुष्यभराच्या सवयीने डोळ्यांकडून कानांचेही काम करून घेते. पुनःपुन्हा वळून पाहणे, सावल्यांकडे लक्ष ठेवणे तिच्या अंगवळणी पडलेले असते. मोटारचालकास आरसे आहेत आणि भोवती पोलादी कवच आहे. गाण्यासाठी कान बुजविणारा स्वार मात्र डोळ्यांची सवय बदलत नाही. उलट गाणे त्याच्या मनाचाही काही भाग व्यापते. ऐकू न येणे आणि लक्ष नसणे या दोन उणिवा एकाच वेळी जमा होतात. कान उघडे ठेवून हाडांवाटे आवाज पोहोचविणारे हेडफोन आता मिळतात. त्यांनी पहिली उणीव कमी होते, दुसरी तशीच राहते.

विशेष हे की, हा प्रश्न यंत्र बनविणाऱ्यांना प्रथमपासून ठाऊक होता. जपानच्या सोनी कंपनीने १९७९ साली वॉकमन बाजारात आणला, तेव्हा त्यावर एक नारिंगी कळ होती. ती दाबली की गाणे मंद होऊन बाहेरचे बोलणे कानावर येई. नव्या साधनांपैकी काहींत तर बाहेरचा आवाज मुद्दाम पुसून टाकण्याची सोय असते. रेल्वेत किंवा अभ्यासिकेत ती उपकारक असेल. रस्त्यावर ती घातक होय.

कानांच्या आरोग्याचाही विचार येथेच करावयास हवा. वाऱ्याचा आणि वाहनांचा गोंगाट झाकण्यासाठी स्वार गाण्याचा आवाज वाढवितो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज आठवड्यास ४० तास ऐकणे सुरक्षित मानले जाते. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. रोजच्या जाण्यायेण्यात ती केव्हा ओलांडली, हे कळतही नाही.

ट्रॅक्टरवरील टेप

सर्व उपदेश सायकलस्वारासच करणे न्यायाचे होणार नाही. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर मोठमोठे कर्णे बसवून गाणी लावण्याची प्रथा सर्वांच्या परिचयाची आहे. रात्रीचा प्रवास, अपुरी झोप, कारखान्याच्या गव्हाणीसमोर ताटकळत घालविलेले तास, यांतून जागे राहण्यासाठी चालक टेप लावतो. त्याची अडचण खरी आहे. पण इंजिनाच्या आवाजात या गाण्यांची भर पडली की, मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही त्यास ऐकू येत नाही आणि शेजारच्या सायकलस्वाराची हाकही नाही. म्हणूनच गाळप हंगामाच्या आरंभी पोलीस, परिवहन खाते आणि कारखाने चालकांना टेप बंद ठेवण्याच्या आणि ट्रॉलीच्या मागे परावर्तक लावण्याच्या सूचना देत असतात. ज्याच्या हाती अधिक बळ, त्याची जबाबदारीही अधिक. सायकलस्वाराच्या कानात इअरफोन होता, एवढ्याने बेफाम चालकाचा दोष धुऊन निघत नाही.

कायदा काय सांगतो?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या सुधारणेनुसार वाहन चालविताना हाती धरावयाच्या दूरध्वनीचा वापर धोकादायक वाहनचालनात मोडतो. २०१७ च्या वाहनचालन विनियमांनी आपली दृष्टी आणि श्रवण यांस अडथळा येऊ न देण्याचे कर्तव्य चालकावर सोपविले आहे. पायडलने चालणारी सायकल मोटार वाहनाच्या व्याख्येत येत नाही. तिला परवाना लागत नाही. फ्रान्सने १ जुलै २०१५ पासून मोटारचालकांबरोबरच सायकलस्वारांनाही कानात इअरफोन घालण्यास बंदी केली; स्पेनमध्येही तशी बंदी आहे. नेदरलँड्सने गाणी ऐकण्यास मोकळीक ठेवली, परंतु १ जुलै २०१९ पासून सायकलवर दूरध्वनी हाती धरण्यास मनाई केली. प्रत्येक देशाने आपापल्या रस्त्यांकडे पाहून निर्णय घेतला आहे. आपल्याकडे दंडाची वाट न पाहता समजुतीने हे काम व्हावयास हवे.

काय करता येईल?

उपाय साधे आहेत, खर्चाचे नाहीत. सायकलवर बसण्यापूर्वी दोन्ही कान मोकळे करावेत. दूरध्वनी आला तर डावीकडे उतरून, थांबून बोलावे. गाणी घरी, झाडाखाली किंवा बसथांब्यावर मनसोक्त ऐकावीत. हंगामात उसाचे वाहन मागून आल्यास शेवटची ट्रॉली पुढे जाईपर्यंत रस्त्याच्या कडेलाच राहावे. हँडलला छोटा आरसा, मागे लाल परावर्तक आणि अंधारात दिवा असावा. वळण्यापूर्वी एकदा मागे पाहावेच. कानांवर पूर्ण विसंबणेही बरे नव्हे.

शाळा-महाविद्यालयांच्या सायकलतळावर ‘कान मोकळे, मगच सायकल’ अशी पाटी लावता येईल. शारीरिक शिक्षणाच्या तासाला मैदानावर एक प्रयोग करावा : विद्यार्थ्यास डोळे मिटून उभे करावे आणि मागून सायकल आणावी, प्रथम मोकळ्या कानांनी आणि नंतर कानात गाणे लावून तिची चाहूल किती अंतरावर लागते, ते मोजावे. दहा व्याख्यानांनी पटणार नाही, ते या एका मोजणीने पटेल. कारखान्यांनी वाहनांशी करार करतानाच कर्ण्यांची तपासणी करावी आणि चालकांच्या विश्रांतीची सोय पाहावी; कारण झोप पुरी झालेल्या चालकास जागे राहण्यासाठी टेपची गरज पडत नाही.

बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधणाऱ्या पूर्वजांना रस्त्यावरील आवाजाचे मोल माहीत होते. ती माळ शोभेची होती, तशीच अंधारात वाट मागणारीही होती. जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, काटेवाडी, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास येते, तेव्हा हाच रस्ता टाळमृदंगाने भरून जातो. तो सूर सर्वांचा असतो. त्याने माणसे एकमेकांस सांभाळून चालतात. एकट्याच्या कानातील सूर मात्र स्वारास भोवतालापासून तोडतो. या पालखी मार्गाच्या रुंदीकरणाच्या कामाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. रस्ते रुंद झाले की वेगही वाढतो, आणि सायकलस्वाराच्या वाट्याचे सेकंद आणखी घटतात. ते सेकंद राखणे काही अंशी चालकांच्या हाती आहे, काही अंशी कारखान्यांच्या आणि शासनाच्या. उरलेले ज्याच्या त्याच्या कानांशी आहेत. मुलगा किंवा मुलगी सायकल घेऊन निघताना डबा घेतलास का, असे घरोघरी विचारले जाते. त्याच आपुलकीने आणखी एक प्रश्न विचारला जावा : कान मोकळे आहेत ना?